सैल झालेले घड्याळ आणि मिसळणाच्या डब्यातल्या गोळ्या

मिरजेच्या एका वाचक भगिनींचे पत्र थोडे संक्षिप्त करून येथे देत आहे.

«डॉक्टर, सप्रेम नमस्कार. माझे वय ६१, यजमानांचे ६६. ते बँकेतून निवृत्त झाले आहेत. दोन वर्षांपूर्वी माझे थोरले दीर गेले. पक्षाघातानंतर तीन वर्षे ते अंथरुणाला खिळून होते आणि त्यांचे सगळे ह्यांनी आपल्या हातांनी केले. तेव्हापासून ह्यांना दीर्घायुष्याचा ध्यास लागला आहे. न्यू जर्सीचा पुतण्या एनएमएन आणि रेस्व्हेराट्रॉल ह्या, म्हातारपण लांबवतात म्हणून विकल्या जाणाऱ्या, गोळ्यांच्या बाटल्या पाठवतो. मधुमेह नसताना हे वर्षभर मेटफॉर्मिनही घेत आहेत. सगळ्या गोळ्या मिसळणाच्या जुन्या डब्यात, मोहरी-जिऱ्याच्या वाट्यांत वार लावून ठेवलेल्या असतात. रात्रीचे जेवण बंद केले आहे आणि दुपारचेही मोजून मापून. आम्ही शाकाहारी आहोत. सव्वा वर्षात वजन ६१ किलोवरून ५४ वर आले. मनगटावरचे घड्याळ आता कोपराकडे घसरते. रोज दहा हजार पावले चालतात, पण परवा एका लग्नात पंगतीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागले. पायांना मुंग्या येतात म्हणतात. टीव्हीचा आवाज वाढवून ठेवतात, त्यावरून आमची रोजची कुरबुर असते. लाळेच्या एका चाचणीत त्यांचे 'जैविक वय' ५८ निघाले, तो कागद त्यांनी देवघराशेजारी लावला आहे. आता मुंबईच्या एका क्लिनिकचे अडीच लाखांचे पॅकेज घ्यायचे म्हणून मुदत ठेव मोडायला निघाले आहेत. मी काही बोलले की 'तुला विज्ञान कळत नाही' असे म्हणतात. ह्या सगळ्यात खरे किती आणि मी काय करावे?»

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या दोन वाक्यांना मी आधी उत्तर देतो, कारण बाकी सगळे आठवडाभर थांबले तरी चालेल, पण ती दोन थांबण्याजोगी नाहीत. सव्वा वर्षात ६१ चे ५४ किलो म्हणजे मूळ वजनाच्या अकरा टक्क्यांहून अधिक घट झाली. ती खाणे कमी केल्यामुळेच झाली असेल असे तुम्ही दोघांनी धरून चालला आहात आणि बहुधा ते खरेही असेल, पण साठी उलटलेल्या माणसाचे वजन इतके उतरते तेव्हा थायरॉइड, क्षयरोग, न कळलेला मधुमेह किंवा पोटातली एखादी गाठ ह्यांपैकी काही नाही ना, हे तपासल्याशिवाय कोणताही डॉक्टर उपासाला जबाबदार धरत नाही. दुसरे वाक्य मुंग्यांचे. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने शरीरात ब-१२ जीवनसत्त्व शोषले जाण्याचे प्रमाण घटते आणि शाकाहारी घरांत ते मुळातच काठावर असते. ब-१२ कमी पडले की पायांच्या नसांना इजा होते, मुंग्या येतात, तोल जाऊ लागतो, आणि फार उशीर झाला तर ती इजा पूर्णपणे भरून येत नाही. तेव्हा ह्याच आठवड्यात त्यांना तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या, तो मिसळणाचा डबा जसाच्या तसा बरोबर न्या आणि रक्तातील ब-१२, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कळण्यासाठी) एवढे तपासायला सांगा. मेटफॉर्मिन उत्तम औषध आहे, मधुमेहात मी ते हजारो रुग्णांना दिले आहे, पण ते डॉक्टरांच्या चिठ्ठीने घ्यायचे असते आणि मधुमेह नसलेल्या माणसाने ते सोडले म्हणून साखर बिघडत नाही. डॉक्टरांना सांगून ते बंद करण्यात अडचण येऊ नये.

आता विज्ञानाकडे वळू. तुमचे यजमान ज्याच्या नादी लागले आहेत ते सगळेच थोतांड आहे असे मी म्हणालो असतो तर तुम्हाला बरे वाटले असते, पण ते खरे झाले नसते. वार्धक्याचा अभ्यास हे आज जीवशास्त्रातले अतिशय गंभीर क्षेत्र आहे. इंग्लंडच्या बेंजामिन गॉम्पर्ट्झ ह्या विमागणितज्ञाने १८२५ मध्येच दाखवून दिले होते की प्रौढ वयात मृत्यूची शक्यता ठरावीक गतीने वाढत जाते. आजच्या आकड्यांनुसार ती साधारण दर आठ वर्षांनी दुप्पट होते. हृदयविकार, कर्करोग, स्मृतिभ्रंश ह्या सगळ्यांच्या मुळाशी वय हाच सर्वांत मोठा धोका असेल, तर एकेका रोगामागे धावण्याऐवजी वय वाढण्याच्या प्रक्रियेलाच हात घालता येईल का, हा प्रश्न वावगा नाही. १९९३ मध्ये सिंथिया केन्यन ह्यांनी एक मिलिमीटर लांबीच्या एका सूत्रकृमीत एकच जनुक बदलून त्याचे आयुष्य दुप्पट केले, तेव्हापासून ह्या प्रश्नाला खरी धार आली.

ह्या क्षेत्रातली सर्वांत विलक्षण गोष्ट रॅपामायसिनची आहे, आणि तुमच्या यजमानांना ती ठाऊक नसेल तर जरूर सांगा, कारण तिच्यात विज्ञान कसे चालते ते नीट दिसते. १९६४ मध्ये कॅनडाचे एक वैद्यकीय पथक प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर गेले आणि तिथल्या मातीचे नमुने घेऊन आले. त्या मातीतल्या एका जिवाणूपासून माँट्रियलच्या प्रयोगशाळेत सुरेंद्रनाथ सेहगल ह्या आपल्या उपखंडातल्या शास्त्रज्ञाने एक द्रव्य वेगळे काढले. बेटाचे स्थानिक नाव रापा नुई, म्हणून औषधाचे नाव रॅपामायसिन. पुढे कंपनीने ती प्रयोगशाळाच बंद करून काम गुंडाळले, तेव्हा सेहगलांनी नमुना फेकून न देता आपल्या घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवला आणि काही वर्षांनी पुन्हा बाहेर काढला. १९९९ मध्ये ते मूत्रपिंड-प्रत्यारोपणात शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून देण्याचे औषध झाले. सेहगल २००३ मध्ये गेले. त्यानंतर सहा वर्षांनी, २००९ मध्ये, अमेरिकेतल्या तीन प्रयोगशाळांनी हेच औषध उतारवयातल्या, म्हणजे ६०० दिवसांच्या उंदरांना खाऊ घातले. माणसाच्या हिशेबात ते साठीच्या आसपासचे वय होते. माद्यांचे कमाल आयुष्य सुमारे १४ टक्क्यांनी आणि नरांचे ९ टक्क्यांनी वाढले. सस्तन प्राण्यात, तेही म्हातारपणी सुरू केलेल्या औषधाने, असे घडल्याचे त्याआधी कुणी दाखवले नव्हते.

मग ते आपण का घेऊ नये? कारण उंदीर जास्तीत जास्त तीनएक वर्षे जगतो, बहुतेक करून कर्करोगाने मरतो, आणि निर्जंतुक पिंजऱ्यात राहतो. हे औषध प्रतिकारशक्ती आवरून धरते. तुमचे यजमान मिरजेच्या बाजारात भाजी आणायला जातात, पावसाळ्यात भिजतात, नातवंडांचा खोकला अंगावर घेतात. माणसांत ह्या औषधाने तोंडात फोड येतात, रक्तातली चरबी वाढते, आणि त्याने निरोगी माणसाचे आयुष्य वाढते असे दाखवणारी एकही चाचणी आजवर पूर्ण झालेली नाही. अमेरिकेत पाळीव कुत्र्यांवर एक चाचणी चालू आहे. तिचा निकाल यायचा आहे.

उंदरांवर प्रयोग करणारा जो कार्यक्रम मी वर सांगितला, त्याची एक गोष्ट मला फार आवडते. मेन, मिशिगन आणि टेक्सास ह्या तीन ठिकाणी एकच द्रव्य एकाच वेळी तपासले जाते, आणि तिन्हीकडून येणारा निकाल, होकारार्थी असो की नकारार्थी, छापला जातो. त्या कसोटीवर मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या एकेक करून पाहा. रेस्व्हेराट्रॉल: आयुष्य वाढले नाही. एका बड्या औषध कंपनीने ह्या द्रव्यावर काम करणारी छोटी कंपनी २००८ मध्ये ७२ कोटी डॉलरना विकत घेतली होती आणि २०१३ मध्ये तिला टाळे लावले. (कबूल करतो की त्या काळात माझ्याही टेबलाच्या खणात ह्याची एक बाटली होती. मुलीने आणली होती, आणि मी ती संपवलीही.) मेटफॉर्मिन: एकटे दिले असता उंदरांचे आयुष्य लक्षणीय वाढले नाही. २०२४ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी मोजक्या नर माकडांत काही आशादायक खुणा पाहिल्या आहेत, पण माणसांवरच्या ज्या मोठ्या चाचणीची घोषणा न्यूयॉर्कच्या नीर बार्झिलाय ह्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी केली, ती पैशांअभावी रखडली. एनएमएनच्या सख्ख्या भावंडाची, निकोटिनामाइड रायबोसाइडची, तिथे चाचणी झाली, त्यानेही आयुष्य वाढले नाही. एनएमएन घेतल्यावर रक्तातले एनएडी नावाचे द्रव्य वाढते हे खरे आहे. मात्र वाढलेल्या आकड्याने माणूस अधिक वर्षे किंवा अधिक धडपणे जगतो, हे दाखवायचे राहून गेले आहे. पुतण्याला प्रेमाने कळवा की पुढच्या खेपेला बाटल्यांऐवजी तो स्वतः आला तर बरे.

मेटफॉर्मिनबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती तुमच्या घरातल्या नेमक्या अडचणीशी जाऊन भिडते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत ६५ आणि त्यापुढच्या निरोगी माणसांना वजने उचलण्याचा व्यायाम दिला गेला. त्यांतल्या निम्म्यांना मेटफॉर्मिन दिले आणि निम्म्यांना नुसती पिठाची गोळी. आयुष्य वाढवणाऱ्या औषधाने व्यायामाचा लाभही वाढेल अशी संशोधकांची अपेक्षा होती, पण घडले उलटे: मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे स्नायू कमी भरले. म्हणजे ज्या वयात स्नायू मिळवणे हेच मुख्य काम आहे, त्या वयात ही गोळी त्या कामात खोडा घालते.

आता उपासाबद्दल. कमी खाल्ल्याने आयुष्य वाढते ही कल्पना १९३५ पासूनची आहे, जेव्हा कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके ह्यांनी उपाशी ठेवलेले उंदीर जास्त जगल्याचे दाखवले. माकडांवरच्या दोन प्रदीर्घ प्रयोगांत मात्र निकाल फाटले. विस्कॉन्सिनच्या प्रयोगात कमी खाणारी माकडे अधिक जगली, तर अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या प्रयोगात आयुष्य वाढले नाही. त्यातला एक उलगडा असा की विस्कॉन्सिनच्या पोटभर खाणाऱ्या माकडांचा आहारच गोड आणि निकस होता. म्हणजे वाईट अन्न कमी खाल्ले तर फायदा होतो, एवढेच कदाचित तिथे सिद्ध झाले असेल. माणसांवर दोन वर्षांची एक चांगली चाचणी झाली. चतुर्थांश खाणे कमी करायचे होते, प्रत्यक्षात लोकांना साधारण १२ टक्केच जमले. रक्तदाब, कोलेस्टेरॉल सुधारले हे खरे, पण चरबीबरोबर थोडे स्नायू आणि थोडे हाडही गेले. आणि ती माणसे तरुण किंवा मध्यमवयीन होती, काही जण किंचित स्थूलही होते. ६१ किलोचा, मुळातच सडपातळ, ६६ वर्षांचा निवृत्त बँक अधिकारी त्या चाचणीत नव्हता.

आपल्या लोकांच्या बाबतीत ह्यात एक वेगळी मेख आहे आणि ती पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी जगाला दाखवून दिली. २००४ मध्ये 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकात त्यांचे आणि लंडनचे प्राध्यापक जॉन यडकिन ह्यांचे एक छायाचित्र शेजारी शेजारी छापून आले. दोघेही सारखेच सडपातळ, दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३. पण यडकिन ह्यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर जे वजन सारखे दिसत होते त्यात एकाच्या अंगावर मांस होते आणि दुसऱ्याच्या अंगावर मेद. वरून बारीक आणि आतून मेदयुक्त, ही आपली सर्वसाधारण ठेवण आहे. त्यामुळे आपला माणूस उपासाने वजन उतरवतो तेव्हा त्याच्या तुटपुंज्या गंगाजळीतलेच स्नायू खर्च होतात, आणि बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला हा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला समजावून सांगू शकाल.

तुम्ही लिहिलेले घसरणारे घड्याळ आणि पंगतीतून उठताना टेकलेले दोन हात मला लाळेच्या चाचणीपेक्षा अधिक बोलके वाटतात. ती चाचणी निरुपयोगी आहे असे नाही. २०१३ मध्ये स्टीव्ह होर्व्हाथ ह्यांनी डीएनएवरच्या ३५३ जागांवरील रासायनिक खुणा वाचून वय ओळखण्याची रीत काढली, आणि हजारो माणसांच्या गटांचा अभ्यास करायला ती फार उपयोगी ठरली आहे. पण एकट्या माणसाच्या बाबतीत ती डगमगते. २०२२ मध्ये असे दिसून आले की वय ओळखणाऱ्या अशा काही नामांकित चाचण्यांनी (त्यांना 'घड्याळे' म्हणतात) एकाच नमुन्याचे दोनदा मोजमाप केले तर दोन उत्तरांत नऊ वर्षांपर्यंत फरक पडू शकतो. ५८ आणि ६६ ह्यांत आठ वर्षांचा फरक आहे. देवघराशेजारचा कागद काढायला सांगू नका, वाद होईल, पण तोच नमुना पुन्हा दिला तर ६६ ही येऊ शकतात एवढे त्यांच्या कानावर घाला.

पॅकेजचे मी थोडक्यात सांगतो: ठेव मोडू नका. शिरेतून एनएडीची सलाईन, ऑक्सिजनच्या खोलीत बसणे, रक्तद्रव बदलणे, ह्यांपैकी कशानेही निरोगी माणसाचे आयुष्य वाढल्याचा पुरावा नाही. ब्रायन जॉन्सन नावाच्या अमेरिकी धनाढ्याने २०२३ मध्ये आपल्या सतरा वर्षांच्या मुलाचा रक्तद्रव स्वतःच्या शरीरात घालून घेतला आणि काही लाभ दिसला नाही असे स्वतःच जाहीर करून ते थांबवले. पुरूचे तारुण्य मागणाऱ्या ययातीची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो, तेव्हा आपल्याला ह्यात नवल वाटू नये. ययातीला निदान हजार वर्षे तरी मिळाली.

पण ताई, तुमच्या यजमानांना नेमकी कशाची भीती वाटते ह्याचा विचार आपण केला पाहिजे. मला ती मरणाची वाटत नाही. ज्याने तीन वर्षे सख्ख्या भावाची कूस बदलली, चादरी बदलल्या, त्याला भीती त्या अंथरुणाची आहे. 'शंभर शरद जगू' असे म्हणणारी यजुर्वेदातली जी प्रार्थना आहे, तिच्यात नुसते जगणे मागितलेले नाही. शंभर शरद पाहू, शंभर शरद ऐकू, शंभर शरद बोलू, असे म्हणत ती 'अदीनाः स्याम शरदः शतम्' इथवर येते, म्हणजे कुणापुढे दीन न होता, कुणावर ओझे न होता शंभर वर्षे. आजचे शास्त्रज्ञ आयुष्याच्या लांबीपेक्षा निरोगी वर्षांची मोजणी करू लागले आहेत, त्यांना अभिप्रेत आहे ते हेच. आणि त्या मोजणीत काय उपयोगी पडते ह्याचा पुरावा, गोळ्यांच्या तुलनेत, कितीतरी भक्कम आहे.

दिरांना पक्षाघात झाला होता, तेव्हा पहिला प्रश्न रक्तदाबाचा, आणि तुमच्या एवढ्या तपशीलवार पत्रात त्याचा उल्लेखच नाही. चाळिशी ते सत्तरीच्या दरम्यान वरचा आकडा दर २० ने चढला की पक्षाघाताने मृत्यू होण्याची शक्यता दुपटीहून अधिक होते. उलट, पन्नाशीपुढच्या ९ हजारांहून अधिक लोकांवरच्या एका अमेरिकी चाचणीत, २०१५ मध्ये, रक्तदाब नेहमीपेक्षा अधिक कसोशीने खाली ठेवल्याने मृत्यूंचे प्रमाण सुमारे चतुर्थांशाने घटले. एनएमएनची एक बाटली जेवढ्याला येते तेवढ्यात दंडावर बांधायचे चांगले यंत्र येते. सकाळी, पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकून, सात दिवस मोजा आणि आकडे डॉक्टरांना दाखवा. तुमचाही मोजा.

दुसरी गोष्ट स्नायूंची, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे. १९९० मध्ये बोस्टनच्या एका वृद्धालयात मारिया फियातारोन ह्यांनी ८६ ते ९६ वयाच्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायांनी वजने उचलायला लावली. ज्या नऊ जणांनी ते पूर्ण केले त्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, आणि दोघांनी हातातली काठी सोडली. नव्वदीत हे होत असेल तर सहासष्टाव्या वर्षी उशीर झाला असे कुणी म्हणू नये. पुढे २०१४ मध्ये सत्तरी ते नव्वदीच्या १,६३५ लोकांवर झालेल्या चाचणीत चालणे, ताकद आणि तोल ह्यांचा नियमित व्यायाम करणाऱ्यांत चालण्याची क्षमता गमावण्याचे प्रमाण नुसती आरोग्यविषयक व्याख्याने ऐकणाऱ्यांपेक्षा कमी राहिले. आणि भारतासह सतरा देशांत केलेल्या एका पाहणीत हाताची पकड पाच किलोने कमी असणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण १६ टक्क्यांनी जास्त दिसले. पकड हे कारण नाही, खूण आहे. पण ती अंगातल्या एकूण बळाची खूण आहे.

दहा हजार पावले चालू द्या, पण त्यांनी हृदयाला व्यायाम होतो, मांड्या भरत नाहीत. त्यासाठी ओझे लागते. भिंतीला टेकवून ठेवलेली, न घसरणारी जेवणाच्या टेबलाची खुर्ची घ्या. हात छातीशी धरून त्यावरून आठ-दहा वेळा उठायचे आणि सावकाश, दाणकन न आदळता, बसायचे. थोडा दम खाऊन असे तीनदा. हे सोपे वाटू लागले की कापडी पिशवीत दोन किलो तांदूळ भरून ती छातीशी धरायची, मग तीन किलो, मग पाच. स्वयंपाकघरातल्या ओट्याला बोटे टेकवून चवड्यांवर उभे राहायचे, मग एका पायावर. भिंतीवर हात टेकून दंड काढल्यासारखे करायचे. आठवड्यातून तीन दिवस पुरे, मध्ये एक दिवस विश्रांती. तपासण्यांचे निकाल येऊ द्या, छातीत दुखत नाही ना ह्याची डॉक्टरांकडून खात्री करून घ्या आणि मग सुरुवात करा.

ह्या व्यायामाला खुराक हवा. उतारवयात दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे त्यांचे मूळचे ६१ किलो वजन धरले तर साधारण ६० ते ७० ग्रॅम, आणि क्रिएटिनिन ठीक असेल तर ती बिनधास्त घ्यावीत. आपल्या वरण-भाताच्या ताटात ती कुठून येणार हा खरा प्रश्न आहे, कारण पातळ वरणाच्या वाटीत पाच-सहा ग्रॅमच असतात. मोडाच्या मटकीची घट्ट उसळ, पिठले, पनीर, मूठभर भाजलेले शेंगदाणे, दोन वेळा दूध किंवा घट्ट दही अशी जमवाजमव करावी लागेल, आणि एका जेवणात ती होणार नाही. म्हणून रात्रीचे जेवण परत सुरू करावे लागेल. त्यांना उपासाचे व्रत मोडल्यासारखे वाटत असेल तर जेवण सात वाजता करा आणि सकाळी सातपर्यंत काही खाऊ नका; बारा तासांचा खंड त्यांच्या मनालाही पटेल आणि स्नायूंनाही परवडेल.

टीव्हीच्या आवाजाचे तुम्ही जाता जाता लिहिले आहे, पण ते भांडणाचे कारण नसून लक्षण आहे. मध्यम वयापासून ऐकू कमी येणे हे स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांतले एक मोठे कारण मानले जाते. २०२३ मध्ये आलेल्या एका अमेरिकी चाचणीत सरसकट सगळ्यांना श्रवणयंत्राचा लाभ दिसला नाही, पण ज्यांचा धोका आधीच अधिक होता त्यांच्या बुद्धीची घसरण तीन वर्षांत जवळजवळ निम्म्याने मंदावली. कानांची तपासणी करून घ्या आणि यंत्र लागलेच तर लाजू देऊ नका. त्याच फेरीत मोतीबिंदूही पाहून घ्या.

आता बोलायचे कसे? 'हे सगळे बंद करा' असे म्हटलेत तर डबा कपाटात जाईल आणि गोळ्या चालूच राहतील. ते आकड्यांचे शौकीन आहेत, तेव्हा त्यांना त्यांचेच आकडे द्या, फुकटातले. रविवारी सकाळी चहानंतर तिघांची स्पर्धा लावा: ते, तुम्ही आणि घरात जो कुणी तिसरा असेल तो. हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठ-बस करायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा. आशियाई लोकांसाठीच्या निकषांत १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागणे ही ताकद घटल्याची खूण मानली जाते. मग ओट्याजवळ एका पायावर दहा सेकंद. २०२२ मध्ये ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ लोकांच्या पाहणीत ज्यांना हे जमले नाही त्यांच्यात पुढच्या साधारण सात वर्षांतले मृत्यू जास्त होते. जवळ कुणी तरी उभे राहा, मुंग्या येणाऱ्या पायांवर एकट्याला सोडू नका. आणि शेवटी तुमच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजा. पुरुषांत तो ३४ सेंटिमीटरच्या खाली, बायकांत ३३ च्या खाली असेल तर स्नायू कमी झाल्याचा संशय घ्यावा. ह्यातले आकडे वाईट निघाले तर तुम्ही एक शब्दही बोलू नका. त्यांनी भावाला पाहिलेले आहे, त्यांना अर्थ कळेल.

अडीच लाखांपैकी काही खर्च करायचेच असतील तर न्हाणीघरात दोन पक्के कठडे, न घसरणाऱ्या फरश्या आणि जिन्यावर चांगला दिवा एवढे करून घ्या. गरज पडली तर श्रवणयंत्राला थोडे बाजूला ठेवा. उरलेले ठेवीतच राहू देत.

पोटरीचा घेर, खुर्चीचे सेकंद आणि वजन हे तिन्ही आकडे तारखेसह दिनदर्शिकेवर लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी त्याच वेळी, त्याच खुर्चीवर पुन्हा मोजा. तोवर ब-१२ चा निकाल काय आला आणि मुंग्या कमी झाल्या की नाही, ते मला आधी कळवा. कमी झाल्या नसतील तर तुमच्या डॉक्टरांना नसांच्या तपासणीबद्दल विचारावे लागेल.